काचेपलीकडची खुर्ची

आमच्या काकू लाँड्रीत इस्त्री करतात. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. सकाळी उभ्या राहिल्या की सुटी होईपर्यंत उभ्याच. टेबलासमोर मालकाची केबिन, तिला काळी काच. आतून बाहेरचं सगळं दिसतं. बाहेरून बघाल तर तुमचंच तोंड. मालक आत आहे की कुठे परगावी गेलाय, कोणाला पत्ता नसतो. म्हणजे तो कायम आतच असतो.

काकू घरीसुद्धा पाठ टेकून बसत नाहीत. लेक चिडवते, "आई, इथे काच नाही गं." काकू हसतात, आणि पसरलेले पाय जवळ ओढून घेतात.

त्या पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्यात. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर ऑपरेशन. बसणार कशावर? म्हणून आम्ही युनियनवाल्यांनी स्टुलं मागितली. राजवाडा नाही मागितला. मालक मला म्हणाला, "तुम्ही बाहेरचे. कामावरच्या एखाद्या बाईनं तोंडावर सांगावं, उभं राहणं झेपत नाही म्हणून. उद्या सगळ्यांना स्टुलं देतो."

सगळ्या बायकांनी काकूंकडे बघितलं. काकू तयार झाल्या. धाकटी जाऊ तिथेच कामाला, तिनं काकूंचं टेबल सांभाळलं आणि आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो.

आत गारवा. मालकानं उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा काकू. निवांत सांगा."

मला वाटलं, गडी नरमला. मी मूर्ख.

काकू टोकावर बसल्या. समोर काच, काचेपलीकडे त्यांचंच टेबल. जावेनं इस्त्री बाजूला ठेवली, कंबर चोळली, जांभई दिली. काकू एकटक बघत राहिल्या.

"बोला ना," मालक म्हणाला. "झेपत नाही का?"

"ही बघा," काकू हळूच म्हणाल्या, "नुसती उभी आहे. चादर तशीच पडलीय."

माझं डोकं सणकलं. "काकू, ती जागा तुमची आहे. तिथे तुम्ही असता."

"तेच म्हणते दादा. इथून मीसुद्धा अशीच दिसत असणार. आळशी." मग मालकाकडे वळल्या. "झेपतं साहेब. सवय आहे."

मी खूप बोललो, कायदा काढला, टेबलावर हात आपटला. तो माझ्याकडे न बघता काचेतून बाहेरच बघत होता.

आम्ही बाहेर आलो. बायकांनी हात थांबवले. जाऊ टेबलाला टेकली होती, तिनं तिथूनच विचारलं, "काय झालं ताई? कधी येतायत स्टुलं?"

काकूंनी तिच्या हातातली इस्त्री घेतली.

"आधी नीट उभी राहा," त्या म्हणाल्या. "कसं दिसतं ते."

जाऊ ताठ झाली. तिच्या शेजारचीही झाली.