माझ्या अक्षरातलं खोटं

"हितं लिही. शिकवणारा, आमचा पुतण्या. शिकणारी, तू. खाली सही कर."

आप्पांनी फॉर्म टेबलावरून माझ्याकडे सरकवला. आप्पा म्हणजे मालक. चाकणच्या कंपनीतली त्यांची केबिन. पुतण्या सोफ्यावर मोबाईल बघत पसरलेला. माझे पप्पा दाराशी उभे. बासष्ट वर्षांचा माणूस, याच कंपनीत प्रेस मशीनवर जन्म घातलेला. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणालं नाही कुणी.

"काय रे सुदाम, पोरगी अमेरिकेत गेली, पर लोखंड शिकायला आमच्याकडंच आली का न्हाई?" पप्पांपेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस हा. "तुमच्या लोकांना भाषणं ठोकायला येत्यात. हातातलं काम आमीच शिकवायचं."

पुतण्या हसला. पप्पाही हसले. मला पप्पांचाच जास्त राग आला.

अमेरिकेत शिकलं की वर्षभर काम करायची परवानगी मिळते. माझ्यासारख्या इंजिनिअरला ती आणखी दोन वर्षं वाढवून मागता येते. कामाच्या व्हिसाची लॉटरी असते, ती लागेपर्यंत तेवढाच आधार. यंदा माझं नाव लागलं नाही. आणि वाढवून मागायची तर मालकानं लिहून द्यावं लागतं, हिला काय शिकवणार, कोण शिकवणार. त्यावर त्याची सही. आणि माझीही, की हे सगळं खरं आहे. माझं परवानगीचं कार्ड संपायला बावीस दिवस उरले होते. त्यानंतर काम बंद, गाशा गुंडाळायचा.

मग याच माणसाकडे कशाला गेलीस? विचारा, विचारा. नोकरीशिवाय नव्वद दिवस गेले की तिथून निघावं लागतं. माझे ऐंशी झाले होते. सगळीकडून नकार. तेव्हा पप्पांनी आप्पांचे पाय धरले. कंपनीचं तिकडे सहा माणसांचं ऑफिस, पुतण्या तिथला साहेब. माप घ्यायचं व्हर्नियर उलटं धरणारा साहेब! ड्रॉइंग वाचायला त्याला मी शिकवलं. नवी डाय, म्हणजे प्रेसचा साचा, मी काढली, तिच्यावर नाव त्याचं. ती चालू करून द्यायलाच मला त्याच्यासोबत दोन आठवडे चाकणला आणलं होतं. नऊ महिने मी गप्प होते. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

मी पेन उचललं. शिकवणाऱ्याच्या जागी पुतण्याचं नाव लिहिलं. हो, लिहिलं. खोटं कशाला बोलू?

आप्पा वाकून बघत म्हणाले, "अक्षर अजून तसंच हाय हिचं. मोत्यासारखं."

आणि माझा हात थांबला.

आठवीत होते मी. पप्पांची दोन बोटं प्रेसखाली गेली. उजव्या हाताला हे एवढं बँडेज. आप्पा स्वतः संत तुकाराम नगरच्या आमच्या खोलीवर आले, सफरचंदं घेऊन. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'मशीनला गार्ड होतं. ते मीच काढलं. चूक माझी.' पप्पांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. तेव्हाही आप्पा हेच म्हणाले होते, पोरीचं अक्षर मोत्यासारखं हाय. आणि मी खूश झाले होते! वर्गात सांगत सुटले, एवढ्या मोठ्या माणसानं माझं अक्षर वाखाणलं म्हणून. हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं ते गार्ड काढलं की माल भराभर निघतो. ते काढायला आप्पांनीच लावलं होतं, हे आईनं मला दहावीत सांगितलं. त्या दिवसापासून माझं अक्षर मला आवडत नाही.

पुतण्याच्या नावावर मी आडवी रेघ मारली.

"हे खोटं आहे. मी सही करणार नाही."

"बावीस दिवस राहिल्यात तुझं."

"मला मोजता येतात."

"मंग ऱ्हा हितंच. बापावानी दाराशी उभी."

पप्पा पुढे आले. हात जोडलेले, तीन बोटांचा एक, पाच बोटांचा एक. "कर की माय सही. म्या बी केलता अंगठा. काय बिघडलं?"

काय बिघडलं! तो हात माझ्या नाकासमोर होता.

मी त्यांना दंडाला धरून गेटबाहेर आणलं.

त्याला तीन दिवस झाले. बाकीच्या कंपन्यांना मेल टाकलेत. उत्तर एकीचंही नाही. परतीचं तिकीट आहे, पण जाऊन करू काय? इथे पप्पा शेजाऱ्यांना अजून सांगतात, पोरगी सुट्टीवर आलीय. रोज पहाटे जाग येते आणि मी मोबाईलवर मेल बघते. भीती वाटते मला. खूप वाटते.

आज सकाळी वही घेतली. पप्पांना समोर खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "गार्ड कुणी काढायला लावलं, किती वाजता, तिथे कोण कोण होतं, सगळं सांगा. कामगार ऑफिसात नेऊन देणार आहे मी."

"आता काय उपेग, माय? इतकी वर्सं झाली."

"उपयोग नसू दे. पहिलं मीच लिहिलं होतं ना? आता खरंही मीच लिहिणार."

त्यांनी तीन बोटांचा हात वहीजवळ ठेवला. मग म्हणाले, "गार्ड सकाळच्या पाळीलाच काढलतं."

तिकडची परवानगी मिळो, न मिळो. त्या माणसाचं खोटं माझ्या अक्षरात पुन्हा उतरणार नाही. मी पहिली ओळ लिहिली आणि विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून? नाव घ्या, पप्पा."