पिंपळवंडीची तरुण बचत

"सही करा मॅडम, मला पुण्याला निघायचंय," साहेब म्हणाले. मी पेन उचललंच नाही.

मंचरच्या एका पतसंस्थेची शाखा मी सांभाळत होते. साहेब हेड ऑफिसचे. त्यांच्या लॅपटॉपवर वयानुसार बचतीचा चार्ट होता. आमच्या शाखेतल्या पिंपळवंडी गावात तिशीच्या आतले सगळ्यात जास्त बचत करतात, साठीच्या पुढचे जवळजवळ करतच नाहीत. म्हणून तिथली पिग्मी बंद करायची. पिग्मी म्हणजे आमचा एजंट दारोदार फिरून रोज थोडे थोडे पैसे जमा करतो ती बचत. तरुणांना ॲप देऊ, म्हाताऱ्यांचा बिझनेस नाहीच, असं साहेबांचं म्हणणं. त्याच रिपोर्टवर त्यांना माझी सही हवी होती.

"साहेब, खाती नातवांची आहेत. पैसे आज्या भरतात."

"सिस्टिममध्ये ज्याचं नाव, त्याची बचत."

मला संताप आला. तिथल्या ठकूबाई कांद्याच्या खुरपणीची मजुरी नातवाच्या खात्यात भरायच्या. नातू चाकणला कंपनीत. त्याचा पगार मोबाईल आणि बाईकच्या हप्त्यांत जायचा. स्वतःच्या नावावर का भरत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "आमी आज हाय, उद्या न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या मागं पोरांनी कागदांसाठी हेलपाटे कशापायी घालायचे?" त्यांच्या वयाच्या बहुतेक बायका असंच करतात.

हे सगळं सांगितलं. साहेब हसले. "अशा गोष्टींवर रिपोर्ट बदलत नाही."

"मग माझी सहीही मिळणार नाही."

त्यांनी आपल्या अधिकारात पिग्मी बंद केली. मला मेमो दिला. मी तो खणात टाकला आणि चहा मागवला.

ठकूबाई एसटीने मंचरला आल्या. "ताई, घरात पैसा ऱ्हात न्हाई. कोन ना कोन मागतंच. रोज हितं यायला एसटीचं भाडं परवडत न्हाई. नातवाच्या लग्नात मला कुनापुढं हात पसरायचा नाय. आता कसं करू?" मला फार वाईट वाटलं, पण एजंट पाठवणं माझ्या हातात नव्हतं.

तिमाही संपली आणि साहेबांचा फोन आला. "मॅडम, पिंपळवंडीच्या तरुणांनी बचत का थांबवली?"

"त्यांनी ती सुरू कधी केली होती?" मी विचारलं.

पिग्मी पुन्हा सुरू झाली. हेड ऑफिसने तिला नाव दिलं, युवा बचत योजना. मी हरकत घेतली नाही. बचत कोणाची हे खात्यावरच्या जन्मतारखेवरून कळत नाही, त्यासाठी दारात जाऊन बघावं लागतं, एवढं मात्र लेखी कळवलं.

पहिल्या दिवशी एजंटबरोबर मीही गेले. ठकूबाईंनी नवी पावती न्याहाळली.

"ताई, ह्ये युवा म्हंजी कोन?"

"तुम्हीच," मी म्हटलं.