दाखवायचा डबा

मी सातवीत शाळा सोडली. त्यामुळे पोरीला इंग्रजी शाळेत फुकटची जागा मिळाली तेव्हा देवापुढे दिवा लावला, आणि लगेच धास्तावले. वर्धेकडून आम्ही रायपूरला आलो ते नवऱ्याच्या ड्रायव्हरकीपायी. तो उजाडताच नव्या रायपूरला ड्युटीवर जायच्या बसमागे धावायचा, मी तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरांमध्ये पोळ्या लाटायला. दमणूक सकाळपासूनच अंगात असायची.

या शाळेत जेवण मिळत नसे. डबा घरून, कोरडा आणि साफसुथरा आणायचा, असं मॅडमनी बजावलं होतं. मी ज्वारीची काळसर भाकर आणि कोरडं बेसन द्यायची. थोड्याच दिवसांत डबा तसाच परत येऊ लागला.

"काहून नाही खाल्लं वं?"

"सब हँसते हैं. बोलते हैं, इसकी रोटी धुली नहीं है." तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत.

मग तिच्याच हट्टाने ब्रेड-जॅम सुरू केला. डबा चाटूनपुसून रिकामा. मला हायसं वाटलं. दुसऱ्यांच्या पोरांसाठी पालक घालून कणीक मळताना वाटायचं, आपलीही आता चारचौघींसारखं खाते.

एके दिवशी ती प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली.

"खून कम है. क्या खिलाती हो?"

"ब्रेड," मी जरा ऐटीतच म्हणाले. त्यांनी विचारलं, "दाल? भाजी? सुबह कुछ?"

सकाळी काही नाही. सकाळी आम्ही दोघं घरातच नसायचो.

आमच्याच अंगणातली छत्तीसगढी शेजारीण आपल्या पोराला रोज बासी देई. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ, कांदा, बाजूला लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ. दुपारी सरकारी शाळेत त्याला गरम डाळ-भात मिळायचा. मला त्याची कीव यायची. शिळा भात खाऊन शाळेत जाते बिचारं! पण ते पोट्टं दिवसभर उड्या मारायचं आणि माझी पोट्टी भिंतीला टेकून बसायची.

दवाखान्यातलं ऐकून शेजारीण म्हणाली, "तैं काम मा जा न बहिनी. नोनी मोर टूरा संग खा लेही."

मी कामाला जावं, पोरगी तिच्या पोरासोबत खाईल, म्हणे. नाही म्हणायचं बळ नव्हतं. परक्या गावात कोणी आपल्या लेकराला पोरासोबत बसवते म्हटल्यावर माझे डोळेच भरले.

पहिल्या दिवशी मी कामाला निघताना दारातच थांबले. पोरीने वाडग्यात बोट बुडवून पाहिलं, नाक मुरडलं. पोराने तिच्या वाडग्यात कांदा टाकला, "खा न, नखरा झन कर!" तिने एक घास घेतला. मग दुसरा. लाल भाजीने ओठ रंगले.

"मम्मी, टिफिन में ब्रेड ही देना. और स्कूल में किसी को मत बताना."

"नाही सांगत माय. तू खा."

कामाला उशीर होत होता. तिने वाडगं दोन्ही हातांनी उचलून तळाचं पाणी पिईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.