पायवाल्या सिस्टर

मधुमेह विभागातल्या सगळ्यात टोकाच्या, जिन्याखालच्या खोलीत एक सिस्टर बसायच्या. पेशंट दारात दिसला रे दिसला की त्या म्हणायच्या, "बसा, चपला काढा, पाय वर घ्या." बाकीची चौकशी मागाहून. त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपटावरच राहिलं आणि साऱ्या दवाखान्यात त्या 'पायवाल्या सिस्टर' झाल्या. हे नाव त्यांना मुळीच आवडायचं नाही, पण तक्रार करत बसायला वेळ कुणाला होता?

त्यांचं काम सांगण्याचं. गोळ्या डॉक्टर लिहायचे, रक्त दुसरी सिस्टर काढायची, या सांगायच्या. साखर वाढलेली राहिली की पायातली जाणीव हळूहळू जाते. खडा रुतला, चटका बसला, तरी कळत नाही. म्हणून घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. रोज तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा. लाल दिसलं, ओलं दिसलं, तर त्याच दिवशी या, दुसऱ्या दिवशी नाही. दिवसाला पंचवीस पेशंट, प्रत्येकाला हेच, एकोणीस वर्षं. शेवटी विचारायचं, "समजलं का?" पेशंट म्हणायचा, "हो." मग फायलीतल्या 'आरोग्यशिक्षण दिले' या चौकटीत बरोबरची खूण करायची, खाली सही ठोकायची आणि पुढच्याला हाक मारायची.

आणि तीन महिन्यांनी तोच पेशंट जसाच्या तसा परत यायचा. एकीला रोज चालायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "चालते की! दिवसभर ओट्यापासून दारापर्यंत चालतेच आहे." एका गृहस्थांनी गोळ्या परस्पर एक दिवसाआड सुरू केल्या होत्या, शरीराला सवय लागायला नको म्हणून. सिस्टर कपाळाला हात लावायच्या. "मी इथे भिंतीशी बोलते का?" असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या, आणि भिंत बिचारी तेवढी ऐकून घ्यायची.

मात्र मास्टर आले की त्यांना बरं वाटायचं. मास्टर म्हणजे दवाखान्यामागच्या गल्लीतले शिंपी. सत्तरीला टेकलेले, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. गळ्यातली टेप दवाखान्यात येतानाही काढायचे नाहीत. सिस्टरांचं बोलणं मान किंचित तिरकी करून शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "अगदी बरोबर, सिस्टर." दोन वर्षांत आठ खेपा झाल्या, आठही वेळा "अगदी बरोबर". सगळे पेशंट असे असते तर आपले केस दहा वर्षं उशिरा पिकले असते, असं सिस्टरांना वाटायचं.

नवव्या खेपेला मास्टरांनी पाय वर घेतला आणि सिस्टरांच्या डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं. त्यांनी घाईघाईनं मोजा सोलून काढला. तळव्यावर, बोटांच्या जरा मागे एक भोक पडलं होतं. भोवती सूज होती आणि अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं झालं होतं. डॉक्टर धावत आले. त्यांनी चिमटा आत घातला आणि ओढून बाहेर काढलं ते शिलाई मशीनच्या सुईचं मोडकं टोक.

"मास्टर, हे कधीपासून होतं आत?" सिस्टरांचा आवाज चढला.

"काय होतं?" मास्टरांनी शांतपणे विचारलं.

"सुई! तुमच्या पायात सुई होती!"

"अच्छा? पंधरा दिवसांपूर्वी एक मोडली होती खरी. पुष्कळ शोधली, सापडलीच नाही."

"आणि तुम्ही पाय रोज बघता ना?"

"रोज. न चुकता."

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर सडलेलं बोट, ट्रेमध्ये सुई, आणि हा गृहस्थ न चुकता बघतो म्हणतोय! त्या काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टर फाइल चाळत म्हणाले, "सिस्टर, यांना शिकवलं होतं ना तुम्ही?"

मास्टर अठरा दिवस वॉर्डात होते. ते बोट काढावंच लागलं, पाय वाचला. मास्टरांना त्याचं विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. "दहातलं एक गेलं, सिस्टर," ते म्हणाले. "गिऱ्हाईक काही माझी बोटं मोजत नाही." सिस्टर तरातरा निघून गेल्या.

घरी जाऊन ड्रेसिंग करायचं काम खरं तर दुसऱ्या सिस्टरांचं. पण पायवाल्या सिस्टर मेट्रनकडे गेल्या आणि म्हणाल्या, "यांच्याकडे मी जाते. हा माणूस घरी नेमकं करतो तरी काय, हे मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एका बाजूला कापायचं लांब टेबल, खाली चिंध्यांचा ढीग, खिडकीशी पायानं चालवायचं जुनं मशीन. मास्टर मशीनवर होते. जखमी पाय त्यांनी शहाण्यासारखा स्टुलावर ठेवला होता आणि दुसरा पाय, चांगला पाय, मशीनच्या पॅडलवर होता. अनवाणी.

सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली. "मास्टर, चपला कुठे आहेत? दवाखान्यातून दिलेल्या, मऊ तळाच्या?"

मास्टरांनी अभिमानानं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. चपला तिथे होत्या. खोक्यात, आतल्या प्लास्टिकसकट. "एवढ्या छान चपला, दुकानात कशाला खराब करायच्या? बाहेर जाताना घालीन म्हटलं."

"बाहेर कधी जाता तुम्ही?"

"तुमच्याकडे येताना."

"माझ्याकडे तर बूट घालून येता!"

"मग? दवाखान्यात चपला घालून जाणं बरं दिसतं का?" मास्टर म्हणाले. "आणि सिस्टर, मशीन पायाला कळावं लागतं. चपलेतून कळत नाही."

पायाला काहीच कळत नाही म्हणून तर एवढं रामायण झालं, हे सिस्टरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं. टेबलावर खुणा करायचा लाल खडू पडला होता. तो उचलून त्या खाली बसल्या, मास्टरांचा चांगला पाय हातात घेतला आणि टाचेवर चांगली बोटभर लांबीची फुली मारली. मास्टरांना खडू फिरलेला कळलाच नाही. सिस्टरांना आश्चर्य वाटलं नाही. हे त्यांना अपेक्षितच होतं.

"आता रोज बघता तसा पाय बघा आणि मला सांगा, काय दिसतंय?"

मास्टरांनी कण्हत पाय गुडघ्यावर घेतला, खिडकीच्या उजेडात वळवला, मान तिरकी केली. अगदी मन लावून बघितलं. "काही नाही. स्वच्छ आहे."

सिस्टर तशाच खाली बसून राहिल्या. मान तिरकी करून ऐकणारे मास्टर दोन वर्षं त्यांना सभ्य वाटत आले होते. हा माणूस ऐकण्यासाठी मान तिरकी करत नव्हता, दिसावं म्हणून करत होता. डोळे तपासायला चिठ्ठी दिली होती, ती त्यानं कुठे घातली देव जाणे.

"मास्टर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला दिसत नाही."

"कामापुरतं दिसतं."

"कामापुरतंही दिसत नाही," आतल्या दारातून आवाज आला. मास्टरांची बायको हात पुसत उभी होती. "वर्ष झालं, सिस्टर. दुपारी हे झोपले की यांच्या शिवणी मी उसवते आणि परत घालते."

मास्टरांचं तोंड उघडंच राहिलं. "तू? माझ्या शिवणी?"

"मग काय गिऱ्हाइकांनी उसवायच्या?"

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही मला सांगितलंत, डोळे गेलेत म्हणून?"

दोघांच्या मधे बसलेल्या सिस्टरांचा मात्र आता बांध फुटला. "धन्य आहे तुमची! तुम्ही यांच्यापासून लपवा, या तुमच्यापासून लपवतील. तुमचा लपंडाव होतो आणि जीव माझा जातो! काकू, तुम्हाला ठाऊक होतं ना? मग यांचे पाय तुम्ही का नाही बघितले?"

"विचारायचे मी," काकू म्हणाल्या. "तर म्हणायचे, सिस्टरांनी मला सगळं समजावलंय, तू लुडबुड करू नकोस. मला कुठे काय माहीत, काय बघायचं असतं ते? मी दर वेळी तुमच्या खोलीबाहेर बाकावरच बसलेली असते. मला कधी कुणी आत बोलावलंच नाही."

सिस्टरांनी ड्रेसिंग केलं.

दवाखान्यात परतल्यावर त्यांनी मास्टरांची फाइल काढली. आठ खेपा, आठ खुणा, आठ सह्या. अक्षर स्वच्छ, सही ठसठशीत. आरोग्यशिक्षण दिले. आतापर्यंत राग काढायला मास्टर होते. आता तो कुणावर काढायचा हेच कळेना. त्यांनी फाइल आपटली, तर शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, "काय पडलं?"

संध्याकाळी घरी चहा घेताना सगळी हकिगत त्यांनी नवऱ्याला ऐकवली. सुई, चपला, खडू, बाकावरच्या काकू. नवरा वर्तमानपत्रामागून हुंकार देत होता. शेवटी त्यांनी सवयीनं विचारलं, "समजलं का?"

"हो."

"काय समजलं?"

वर्तमानपत्र खाली आलं. नवऱ्यानं थोडा विचार केला. "तू आज दमली आहेस."

दुसऱ्या एखाद्या दिवशी यावरून भांडण झालं असतं. त्या दिवशी सिस्टर कप हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं उत्तर कोण देणार? समोर पांढऱ्या कपड्यातली बाई दिव्याखाली आपला पाय धरून बसली आहे, दाराबाहेर रांग लागली आहे. अशा वेळी कोण म्हणेल, नाही समजलं, किंवा समजलं पण मला दिसत नाही? एकोणीस वर्षं त्या माणसांना 'हो' म्हणायला लावत होत्या आणि मग ती खोटं बोलतात म्हणून चिडत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो प्रश्न टाकून दिला. त्याऐवजी त्या म्हणायच्या, "आता घरी गेल्यावर काय करणार, ते तुम्ही मला सांगा. आणि करून दाखवा." शिवाय सोबत आलेल्या माणसाला त्या बाकावरून उठवून आत घ्यायच्या. काय काय निघालं त्यातून! पाच जणांतले तीन जण वाकूच शकत नव्हते. त्यांना हातात आरसा धरून तळवा बघायला शिकवावं लागलं. एका आजींनी तर 'पाय रोज बघा' याचा अर्थ पाय सुजलेत का ते वरून बघा, एवढाच घेतला होता. पायाला खालची बाजू असते हे जणू कुणाच्या लक्षातच नव्हतं. सिस्टरांची चिडचिड काही कमी झाली नाही. उलट वाढलीच, कारण आता सगळं दिसत होतं.

महिनाअखेरीला मेट्रननं बोलावलं. "दिवसाला पंचविसाचे अकरा कसे झाले? बाहेर लोक ओरडतात."

"मॅडम, पंचवीस कधीच होत नव्हते. पंचवीस खुणा होत होत्या."

"हे मी वर काय म्हणून लिहू?"

"एक बोट गेलं, असं लिहा. माझ्या सहीखाली गेलं."

मेट्रननी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चार दिवसांनी एक जास्तीची खुर्ची तेवढी जिन्याखालच्या खोलीत आली, सोबतच्या माणसासाठी. वर काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही.

मास्टरांची साखर ताब्यात यायला तीन महिने लागले. मग डोळ्यांचा मोतीबिंदू काढला, आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा. नजर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर दुकानातले सगळे तयार कपडे उलटे करून शिवणी तपासल्या. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मशीनची खुर्ची त्यांनी बायकोला दिली आणि स्वतः कापायच्या टेबलाशी उभे राहिले. पायात मऊ चपला घालून, आणि त्या कशा बेढब आहेत हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. पाय आता काकू बघतात. मास्टरांना स्वतः सगळं दिसत असलं तरी काकूंचा त्यांच्यावर भरवसा राहिलेला नाही.

मास्टर तपासणीला आले, की दोघंही आत येतात आणि आतच वाद घालतात. गेल्या खेपेला सिस्टर चिडून म्हणाल्या, "तुमचं काय ते बाहेर जाऊन भांडा, मला पुढचा पेशंट घ्यायचाय." ती दोघं भांडतच बाहेर गेली.

पुढचा पेशंट ट्रक ड्रायव्हर होता. धडधाकट, घाईत असलेला. नखं कशी कापायची, सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत, घट्टे स्वतः काढायचे नाहीत, हे सगळं सिस्टरांनी सांगितलं.

"अगदी समजलं, सिस्टर. जाऊ?"

"बसा. घरी कसं करता, ते आधी दाखवा."

ड्रायव्हरनं खिशात हात घातला आणि दाढीचं उघडं पातं बाहेर काढलं.

सिस्टरांनी डोळे मिटले, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि तळहात पुढे केला. "ते आधी इकडे द्या," त्या म्हणाल्या.