यादीतून वगळलेलं मीठ

माझ्या ओट्यावर आज चार प्रकारचे साचे, दोन बीटर, एक फिरतं स्टँड आणि आकडे दाखवणारा ओव्हन आहे. घरी कोणी आलं की नजर आधी तिकडेच जाते, आणि जावी अशीच मांडणी मी केली आहे. खोटं कशाला बोलू? यातलं निम्मं सामान मी मिरवायला घेतलं. खऱ्या कामाचं म्हणाल तर सहा इंची एक हलका डबा, वजनकाटा, बारीक चाळणी आणि भांड्याच्या कडेचं पीठ निपटून काढणारा रबरी चमचा. बस्स. फिरत्या स्टँडवर सध्या लसणाची टोपली असते.

आणि ओव्हन? तो यायच्या आधी दोन वर्षं मी केक विकले, ते जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, जाड पातेल्यात भाजून. तळाशी बोटभर जाडं मीठ पसरायचं, त्यावर कुकरची जाळी, जाळीवर डबा आणि वर घट्ट झाकण. मीठ एकदा तापलं की आच सगळीकडून सारखी लागते. तेच मीठ महिनोन्‌महिने चालतं, नुसतं काळपट पडतं. आमच्या उरणकडे बंदरातले कंटेनर वाहणारा नवा ट्रेलर दारात आला की नारळ फुटल्यावर हल्ली केकही कापतात. माझी पहिली मोठी ऑर्डर तसल्याच एका ट्रेलरची होती, आणि तो केक या पातेल्यातून निघाला. लोकांनी विचारलं तर मी ठोकून द्यायचे, "ओव्हनमधलाच आहे."

मीठ यायचं समोरच्या वहिनींकडून. सख्ख्या नव्हेत, शेजारच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचं घर मिठागरवाल्यांचं, त्यामुळे पडवीत मिठाची गोणी कायम उभी. मागितलं की सूपभर मीठ माझ्या डब्यात ओतायच्या.

"एवढं मीठ कशाला लागतं गो तुला?" त्यांनी एकदा विचारलं.

"लोणच्याला," मी म्हटलं. बारा महिने लोणचं घालणारी बाई मी! त्या हसल्या आणि वर आणखी दोन ओंजळी टाकल्या.

पुढे त्यांचं मिठागर बंद पडलं. खाडीकडचा बांध फुटला, तो पुन्हा कोणी बांधला नाही, आणि वहिनी घरी बसल्या. तोवर माझा ओव्हन आला होता. एका दुपारी त्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाय, मना पन केक शिकव ना. काय काय घ्यायला लागंल ते लिवून दे. घरात बसून काय तरी करीन. न्हाय जमलं तर मंग कोलंबी सोलायला जायला लागंल."

कोळंबी सोलायचं काम मला ऐकून ठाऊक होतं. शेडमध्ये सकाळपासून उभ्यानं बर्फात हात घालून सोलायचं. जाणाऱ्या बायका संध्याकाळी परतल्या की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसतात. हे सगळं मला माहीत होतं, हे आधी लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःलाच "मला काय कल्पना" असं सांगत फिरले.

खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखलं. वहिनींचा हात असा, की हळदीच्या घरी तांदळाच्या भाकऱ्यांना गावात पहिलं बोलावणं त्यांना. पीठ चिमटीत घेऊन पाणी किती लागेल ते सांगायच्या. माझा मात्र ग्रॅम मोजूनसुद्धा चारातला एक केक मध्ये खचायचा. ही बाई केक करायला लागली तर माझ्या दारात कुत्रं तरी फिरकेल का, असं माझ्या मनात आलं. जसं आलं तसंच लिहिते आहे.

मी कागद घेतला आणि यादी लिहायला बसले. ओव्हन. बीटर. वजनकाटा. उघडमिटीचा साचा. फिरतं स्टँड. क्रीमच्या नोझलचा चोवीसचा संच, ज्यातली तीनच मी आजवर वापरली. साखरेच्या पाकाचा थर्मामीटर, ज्याची पेटी मी अजून फोडलेली नाही. अक्षर अगदी सुवाच्य काढलं.

वहिनींनी एकेक शब्द बोट ठेवून वाचला. मग विचारलं, "याच्याबिगर न्हाय व्हत?"

ते पातेलं तेव्हा ओट्याखाली माझ्या पायाशी होतं. मी ते पायानं आत सरकवलं आणि म्हणाले, "नाही हो वहिनी. त्याशिवाय फुगतच नाही."

"व्हय का," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून गेल्या.

पुढच्या आठवड्यापासून त्या शेडच्या गाडीत बसायला लागल्या. एवढ्यावर भागलं असतं तरी मी पचवलं असतं, इतकी मी निर्लज्ज. पण त्या बाईनं गावभर माझं कौतुक मांडलं. हळदीकुंकवाला दहाजणींत म्हणाल्या, "केकाला किती खर्च लागंल ते हिनं सरल सांगितलं म्हनून वाचलो. दुसरी असती तर कर्जाच्या खड्ड्यात घातलं असतं मना." सगळ्या माझ्याकडे बघून माना डोलवत होत्या, आणि मी, मेली, हसत होते.

वर दर रविवारी डबा यायचा. सोललेली, धागा काढलेली, धुतलेली कोळंबी. "तू सोलू नको. हाताला वास लागतो, केकाला लागंल," म्हणायच्या. दोन वर्षं मी तो डबा घेतला. त्या कोळंबीचं कालवण माझ्या घरात सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. माझा मात्र घास तोंडात फिरायचा.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी मी डबा घेतलाच नाही. पातेलं, जाळी आणि सहा इंची डबा उचलला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "वहिनी, मीठ द्या. लोणच्याला नको, केकला."

त्यांना काही उमगेना. मी मीठ पसरलं आणि पीठ त्यांनाच कालवायला लावलं. किती घोटायचं हे मला सांगावं लागलं नाही. झाकण काढलं तेव्हा केक डब्याच्या वर टम्म आला होता, मध्ये चीर नाही की काही नाही. माझा पहिला केक याच्या अर्धासुद्धा नव्हता.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पातेल्यातल्या मिठाकडे, मग पडवीत उरलेल्या जुन्या गोणीकडे.

"हे तेव्हा पन ठाव व्हतं तुला?"

"हो."

"मंग का न्हाय सांगितलंस?"

घरून शंभर सबबी घोकून गेले होते. "भ्याले," मी म्हटलं. "तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणून."

त्या चिडतील, दोन शब्द सुनावतील, निदान रडतील तरी, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त दोन्ही पंजे पुढे धरले. बोटांची टोकं पांढरी पडून चिरली होती, आणि नखांच्या कडा उकलल्या होत्या.

"हा बघ तो हात," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं बर्फात ठेवलाय."