मोकळा डबा

"ओल्या कचऱ्यात ते पोळ्यांचं काहीतरी पडलंय बघ. त्याचा कागद वेगळा काढ गं, नाहीतर कचरावाला नेत नाही."

मॅडमनी हे मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं. मी कणीक मळत होते. हात धुतले, सिंकखालचा हिरवा डबा पुढे ओढला आणि झाकण काढलं.

वर दुधीची सालं. कॉफीचा चोथा. त्याच्याखाली आमच्या शेंगापोळ्या. कागदात गुंडाळलेल्या, वरून दोरा बांधलेला. दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ती गाठ माझ्या सासूची. त्या एकावर एक दोन गाठी मारतात, कारण एका गाठीवर त्यांचा आयुष्यात कधी विश्वास बसला नाही.

मी फरशीवर बसले आणि गाठ सोडायला लागले. दोरा चोथ्याने भिजून घट्ट झाला होता. नखाने उकलला. कागद सुक्या कचऱ्यात टाकला, दोरा सुक्या कचऱ्यात टाकला, पोळ्या ओल्या कचऱ्यात टाकल्या. हे सगळं मी केलं. सांगितलं म्हणून केलं. आठवलं की आजही तोंड कडू होतं.

आणि याच बाईने शनिवारी मला सांगितलं होतं, "मस्त झाल्या होत्या हं पोळ्या. सासूबाईंना थँक्यू सांग." मी खुळी, घरी जाऊन सांगितलंही होतं. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्या संध्याकाळी सगळ्या चाळीला सांगत सुटल्या होत्या. अकराव्या मजल्यावरच्या बाईला त्यांची शेंगापोळी आवडली म्हणून.

आमची खोली काळेवाडीत. मूळचे आम्ही तुळजापूरकडचे. नवरा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर. कंपनीची बस त्याला सकाळी नेते आणि संध्याकाळी पिळून आणून सोडते. मी पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत स्वयंपाकाची कामं करायचे, आणि त्यातलं मोठं काम या मॅडमकडे.

आमच्याकडे कुणाचं भांडं मोकळं परत जात नाही. शेजारच्या खोलीत रेश्माभाभी राहते, तिच्या नवऱ्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. ईदला तिच्याकडून शिरखुर्म्याचं पातेलं आलं की ते आमच्याकडून भरून जायचं. आमची वाटी तिच्याकडे गेली की तीही काहीतरी घेऊनच यायची. महिनाअखेरीला घरात काहीच नसलं तर आत्याबाई भांड्यात चिमूटभर साखर घालायच्या. रेश्माभाभी ती साखर दारातच जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "झालं अम्मा, तोंड गोड." याला कुणी उपकार म्हणत नाही. असंच असतं, एवढंच आम्हाला माहीत.

मॅडमकडे रविवारी पाहुणे असायचे. सोमवारी माझ्या हातात डबा. झाकणाला निळी रबरी कड असलेला, काचेचा. "घेऊन जा गं, नाहीतर फेकायचंच आहे." म्हणजे पहिला मान आमचा, आमच्यानंतर कचऱ्याच्या डब्याचा. आणि वर, "डबा आठवणीने आण हं, सेटमधला आहे."

काय असायचं त्यात? फ्रीजमध्ये राहून राहून कडेने पाणी सुटलेलं पनीर. आंबूस वास मारणारा पुलाव. पिझ्झाचे तुकडे, एकावर तर कुणाचे तरी दात उमटलेले. मी वाटेतच झाकण उघडून बघायचे. कितीदा तरी सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या कुत्र्यांपुढे ओतलं. एकदा तर कुत्र्यानेही हुंगून सोडून दिलं.

एकदा बिर्याणी दिली. वास बरा होता म्हणून घरी आणली. पोरीने घास घेतला आणि मध्येच थांबली. तोंडात बोट घालून काहीतरी बाहेर काढलं. दात कोरायची काडी. वापरलेली. टोक चावून चावून पिंजलेलं.

मी ताट उचलून मोरीकडे निघाले. आत्याबाईंनी पोरीला चूळ भरायला लावली, तिचं तोंड पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "नजरचुकीनं पडली आसंल माय. मोठ्या घरात पाव्हणे लई." सकाळी तोच डबा घासून पुसून, कारळाच्या चटणीने भरून माझ्या हातात ठेवला.

मी भडकले. "त्यांनी तुमच्या नातीला काडी चारली आणि तुम्ही त्यांना चटणी देताय?"

"त्यांनी काय चारलं ते त्यांच्यापाशी. आपल्या दारातून भांडं मोकळं जाऊ नाय."

म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. डबा भरून जात राहिला. कधी धपाटे, कधी कुरडया, कधी चटणी. मॅडम "अरे वा" म्हणायच्या आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायच्या. पुढे त्याचं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही.

शेंगापोळ्यांचा घाट आत्याबाईंनी घातला तेव्हा नवऱ्याला कंत्राटदाराने नुकताच ब्रेक दिला होता. ब्रेक म्हणजे कामगार कायम होऊ नये म्हणून त्याला मध्येच घरी बसवायचं आणि मग पुन्हा नवा म्हणून घ्यायचं. मशीन तेच, माणूस तोच, नवेपणा फक्त कागदावर. घरात तेव्हा माझंच काम चालू होतं. तरी आत्याबाईंनी शेंगदाणे आणायला लावले. गुडघे दुखत असताना खाली बसून भाजले, सोलले, गुळाबरोबर कुटले. पोळ्या मी लाटल्या. मॅडमच्या चौकोनी डब्यात न मोडता बसाव्यात म्हणून मुद्दाम छोट्या लाटल्या. डबा तेलकट होऊ नये म्हणून आत्याबाईंनी त्या कागदात बांधल्या. आमच्या पोरीच्या वाटणीला मोडक्या आल्या.

त्या सगळ्याचं काय झालं ते आता माझ्यासमोर हिरव्या डब्यात पडलं होतं.

मी फरशीवरून उठले. "मॅडम, या पोळ्या माझ्या सासूने पाठवल्या होत्या."

मॅडमनी तेव्हा कुठे वर पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती. पकडलं गेल्यावर माणूस वैतागतो, तसा वैताग होता.

"अगं, हो का? सॉरी. आम्ही गोड खातच नाही ना फारसं. आणि राग मानू नकोस, पण बाहेरचं आम्ही जरा जपूनच खातो. हायजीनचं असतं. पाणी कुठलं, हात कसे, काय माहीत."

हात कसे.

मी माझे हात पाहिले. नखांच्या कडेला त्यांचीच कणीक अडकली होती.

"पोळ्या मीच लाटल्या होत्या मॅडम. रोज तुमच्या लाटते त्याच हातांनी."

"ते वेगळं गं," त्या म्हणाल्या. "इथे आपल्या किचनमध्ये, माझ्यासमोर असतं सगळं."

ते वेगळं. मला आतून शिसारी आली. माझ्या हाताची नाही, त्या 'आपल्या'ची. या बाईची पोरं माझ्या हातची पोळी खाऊन शाळेत जातात. तिचा नवरा माझ्या हातच्या भाजीचा डबा हिंजवडीला नेतो आणि तिथल्या मित्रांना म्हणे चाखवतो. तेव्हा माझा हात स्वच्छ. पीठ तिचं, गॅस तिचा, म्हणून हातही तिचाच. तोच हात माझ्या घरी माझं पीठ मळतो आणि तिच्यासाठी काही पाठवतो, तेव्हा त्याला घाण लागते.

गरिबी मला नवी नाही. पैसा कमी आहे, खोली लहान आहे, पाण्याला रांग आहे. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पण या घरातली गरीब बाई म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. जिने फक्त घ्यायचं. कायम घ्यायचं आणि खूश दिसायचं. तिच्याजवळ देण्यासारखं काही असेल हे कुणाच्या मनातही येत नाही, आणि तिने दिलंच तर तो कचरा, तोही नीट वेगळा करून. आणि श्रीमंत कोण? ज्यांचा स्वयंपाक दुसरी करते, लादी तिसरी पुसते, गाडी चौथा धुतो, आणि तरी ज्यांना वाटतं की आपल्याला कुणाचं काही लागत नाही.

"बरं, असं तोंड करू नकोस," मॅडमनी फ्रीज उघडला. "हा केक ने मुलीला. परवाचाच आहे." केकवर कुणाचं तरी अर्धं नाव होतं आणि मेणबत्तीचं मेण ओघळलेलं होतं. "आणि शनिवारी नेलेला डबा तुझ्याकडेच आहे ना? आण हं."

"केक राहू द्या," मी म्हणाले. राहिलेली कणीक मळली, पोळ्या केल्या आणि निघाले.

घरी पोहोचले तर आत्याबाई तोच डबा घासून पालथा घालून बसल्या होत्या. "आता ह्यात काय घालावं गं? बाईला गोड आवडतंय म्हनं."

नवरा कॉटवर पडला होता. माझ्या तोंडावरून त्याला काहीतरी समजलं असावं. त्याने डोळ्यांनी खूण केली, गप बस. पण मी गप बसणार नव्हते. त्या म्हातारीने आणखी एकदा गुडघे मोडून त्या बाईसाठी काही कुटावं, हे मला बघवलं नसतं. मी सगळं सांगितलं.

"काय करायलीस?" नवरा उठून बसला. "म्हातारीला कशाला सांगायलीस हे?"

आत्याबाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. हायजीनचं त्यांना काही वाटलं नाही. खोट्या थँक्यूचंही नाही. त्यांनी एकच विचारलं.

"गाठबी सोडली न्हाई?"

"नाही."

"बघितलंबी न्हाई, आत काय हाय ते?"

आत्याबाईंनी डबा मांडीवर घेतला. पदराने आतून पुसला, बाहेरून पुसला, कोरडा असूनही पुसत राहिल्या. मग सवयीने त्यांचा हात साखरेच्या बरणीकडे गेला. मी तो धरला.

"साखर नको, आत्याबाई."

"मोकळा धाडायचा?"

"मोकळा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पोराकडे. नवरा म्हणाला, "काम जाईल हां. मी घरी बसलेला." खरं होतं त्याचं. आत्याबाईंनी डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तो ओट्यावर ठेवला. जन्मात पहिल्यांदा कुणाचं भांडं मी मोकळं परत केलं होतं. मॅडमनी डबा उचलला आणि कपाटात सेटमध्ये सरकवला. झालं.

त्यांना काही कळलंच नव्हतं. मग मलाच सांगावं लागलं.

"मॅडम, डबा रिकामा आणलाय."

"हो, मग?" त्या गोंधळल्या. "रिकामाच आणायचा असतो ना?"

"आमच्याकडे नसतो आणत. आजपासून मी तुमच्याकडचं उरलेलं काही नेणार नाही. स्वयंपाक करीन, पगार घेईन. फेकायचं ते तुम्ही तुमच्या हाताने फेका."

त्यांचा चेहरा लाल झाला. "एवढं करून हे ऐकायचं? कोण देतं गं आजकाल एवढं? तुम्हा लोकांना जरा जीव लावला की डोक्यावर बसता."

"जीव लावला? माझ्या पोरीच्या तोंडातून तुमच्या पाहुण्याची दात कोरायची काडी निघाली होती. हा घ्या तुमचा जीव."

"उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळच्या आत, गेटवर कामवाल्या बायकांची नोंद ठेवणाऱ्या ॲपवरून माझं नाव गेलं. बायकांच्या ग्रुपवर आलं की ही बाई माजोरी आहे. त्याच सोसायटीतली माझी बाकीची घरंही बंद झाली. नवरा बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आम्ही कसे दिवस काढले ते मी इथे सांगणार नाही, कुणाची हळहळ मला नको आहे.

एक मात्र सांगते. परवा रेश्माभाभीची वाटी परत द्यायची होती. आत्याबाईंनी तीत शिरा भरला, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. मागे वळून मला हळूच म्हणाल्या, "खाती का गं ती खरंच?" इतकी वर्षं या दोन दारांत भांडी फिरली, पण हा प्रश्न आमच्या घरात कधी नव्हता. तो त्या अकराव्या मजल्यावरून आला. काम गेल्याचं मी विसरेन. हे विसरणार नाही, आणि माफही करणार नाही.

आता सांगवीत एका घरी स्वयंपाकाचं काम धरलंय. पहिल्याच दिवशी तिथल्या ताईंनी फ्रीज उघडला आणि झाकण लावलेला एक डबा माझ्यापुढे सरकवला. "हे ने गं जाताना. कालचंच आहे, नाहीतर..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "ताई, मी माझ्या घरून काही करून आणलं तर तुम्ही खाल का?"

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली.

मी डबा उचलला, परत फ्रीजमध्ये ठेवला आणि दार लावलं.

"काम सांगा," मी म्हणाले.