हळदीचं रक्त

कुरुंद्यात आम्ही मित्रांनी मोबाइलवर खुनाचा सिनेमा काढला. नकली रक्त विकत कोण आणणार? पाण्यात हळद आणि चुना कालवला की लालभडक होतं, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत असतं.

मरणाऱ्याचं काम मी थोरल्या भावाला दिलं. शेताची वाटणी झाल्यापासून आमचा अबोला होता, या निमित्तानं तो सुटेल असं वाटलं. "मार बाबा एकदाचा," म्हणत तो हसत आला.

डोक्यावर रक्त ओतलं आणि तो किंचाळला, तेही माझं घरातलं नाव घेऊन. ते नाव सिनेमात कुठंच नव्हतं. चुना डोळ्यात गेला हे मला त्याच क्षणी कळलं. तरी मोबाइल धरणाऱ्याला मी म्हणालो, "थांबू नको!" असा शॉट परत मिळाला नसता.

दवाखान्यात मी भावाला सांगितलं, "मला वाटलं, तू कामच करून राहिला."

गावात सिनेमा दाखवला तेव्हा त्याच किंकाळीला शिट्ट्या पडल्या. भाऊ शेजारी बसला होता. उरलेल्या एका डोळ्यानं पडद्याकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "इतकं बराबर जमलं व्हय रे मला?"